कानसेन

सगळ्यांनाच तानसेन होता येत नाही, निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणत पूर्वीची मंडळी गाण्याच्या बैठकीत पुढची जागा धरत. त्या वळणाचे कानसेन आता विरळा. त्यांची गादी एका नव्या कानसेनाकडे आली आहे. भूप कुठला आणि देशकार कुठला, हे त्याला विचारू नका. पण शिवचरित्र वाचणाऱ्या निवेदकाने आग्र्याच्या दरबारात श्वास कुठे घेतला आणि खरं म्हणजे तो कुठे घ्यायला हवा होता, हे तो छातीठोकपणे सांगेल. हा पुस्तकं ऐकतो आणि ऐकून झालं की बोलतो. ऐकण्याचा त्रास कोणालाच होत नाही.

2017 च्या अखेरीला स्टोरीटेल भारतात आलं, पुढे आणखी ॲपं आली आणि कपाटातल्या मराठी कादंबऱ्या बघता बघता लोकांच्या कानात जाऊन बसल्या. तेव्हापासून ही जमात वाढली. तिच्यात पोटजातीही आहेत. एक लोकलमधला कानसेन. हा एका पायावर उभा राहून ‘मृत्युंजय’ ऐकतो. कर्णाच्या रथाचं चाक रुततं तेव्हा गाडीही कुर्ला आणि शीवच्या मध्ये अडकलेली असते, आणि यामागे शल्याचाच हात असावा अशी त्याला शंका येते. दुसरा व्यायामशाळेतला. हा वजनं उचलताना यशस्वी होण्याचे मार्ग ऐकतो; त्याला आपण साहित्यात धरत नाही. तिसरी ओट्यापाशी उभी असलेली. भाजी चिरता चिरता आणि पोळ्या लाटता लाटता ही महिन्याकाठी सगळ्यांत जास्त पुस्तकं संपवते आणि कोणाला सांगत नाही, त्यामुळे तिच्यावर लेख लिहिता येत नाही. चौथा निवृत्त कानसेन. त्याच्यावर लेख लिहिल्याशिवाय सुटका नसते.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तो नमुना दुसऱ्या मजल्यावर राहतो. हयात विमा कंपनीत गेली, तीही दावे तपासण्यात. समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं आणि मग नामंजूर करायचं, ही सवय तिथलीच. सकाळी सहाला ते फिरायला निघतात ते पायात नातवाने नाकारलेले बूट, गळ्यात पट्ट्यासारखे हेडफोन आणि चेहऱ्यावर चालू असलेल्या प्रकरणाचे भाव अशा थाटात. कधी एकटेच हसतात. कधी दूधकेंद्रासमोर थांबून डोळे पुसतात. नवा वॉचमन पहिल्या दिवशी घाबरून धावत आला, तेव्हा जुन्याने त्याला शांत केलं, “काय नाय रे. काकांच्या कानात कोणतरी गेलं असंल.” त्या दिवशी बाजीप्रभू गेले होते.

घरात मात्र वेगळंच संकट आहे. “अहो, ऐकलंत का?” या हाकेवर महाराष्ट्रातले संसार पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. कानसेन जगातलं सगळं ऐकतात, फक्त ही हाक सोडून. त्यांचे हेडफोन बाहेरचा आवाज कापणारे आहेत, आणि बाहेरचा आवाज म्हणजे कोणाचा, हे त्या यंत्राला फार लवकर कळलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर त्यांच्या कानावर तोफा येतात. काकूंनी शेवटी तोडगा काढला. महत्त्वाचं काही असेल तर त्या फोनच करतात. मग शायिस्तेखान लाल महालात गोठतो आणि त्याच आवाजाच्या वाटेने गॅस बंद करण्याचा हुकूम येतो.

कानसेनांच्या बोलण्यातली पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे त्यांचे संदर्भ. आपण म्हणतो, हे अमुक पानावर आहे. ते म्हणतात, “अकराव्या तासाला, बाविसाव्या मिनिटाला.” शिवाय तो प्रसंग ऐकला तेव्हा ते कुठे होते, हेही संदर्भाचाच भाग असतं. “विश्वासराव पडले तेव्हा मी गवार निवडून घेत होतो. भाजीवाला म्हणाला, काका, रडताय कशाला, दहा रुपये कमी द्या.” पावनखिंड त्यांच्या मनात फडके रोडच्या वळणाला जोडलेली आहे. ययातीने मुलाकडे तारुण्य मागितलं ते गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले असताना, त्यामुळे त्या बाबतीत त्यांची सहानुभूती सरळ ययातीकडे आहे.

आता त्यांची मतं. साहित्याविषयी म्हणून ते जे बोलतात, त्यातला बारा आणे भाग गळ्याविषयी असतो. त्यांचं पहिलं सूत्र असं, की निवेदकाने वाचावं, नाटक करू नये. काही निवेदक ‘महाराजांनी पाणी घेतलं’ हे वाक्यही किल्ला घेतल्यासारखं वाचतात. साध्या वाक्याला एवढा जोर लावल्यावर खरोखरचा किल्ला पडतो तेव्हा त्यांच्याकडे शिल्लक काही राहत नाही. दुसरं सूत्र बायकांच्या आवाजाबद्दल. पुरुष निवेदकाने जिजाबाईंसाठी आवाज बारीक केला की कानसेन तिथेच पुस्तक थांबवतात. “आऊसाहेबांनी स्वराज्याचं स्वप्न पाहिलं ते या आवाजात? या आवाजात कोणी वाणसामानाची यादीसुद्धा सांगणार नाही.” तिसरं सूत्र पार्श्वसंगीताचं. ऐतिहासिक म्हटलं की नगारे, तुताऱ्या आणि टापा आल्याच. त्यांचं बारीक निरीक्षण असं, की सगळीकडे टापा एकाच घोड्याच्या आहेत. 1659 साली अफझलखानाच्या भेटीला निघालेला हा घोडा 1761 साली पानिपतावरही दौडतोच आहे. शंभरी उलटली तरी त्याला कोणी पागेत बांधत नाही.

चौथं सूत्र उच्चाराचं, आणि इथे त्यांच्यातला दावे तपासणारा अधिकारी जागा होतो. चाकणचा ‘च’ चटणीतला, चंद्रातला नव्हे. जुन्नरचा ‘ज’ जुन्यातला, जीवनातला नव्हे. लिहिताना अक्षर एकच, पण बोलताना दोन, त्यामुळे गावाची माहिती नसलेला निवेदक इथे हमखास घसरतो. फिरंगोजी नरसाळ्याने 1660 मध्ये शायिस्तेखानाच्या फौजेसमोर चाकणचा किल्ला दोन महिन्यांच्या आसपास लढवला. “आणि या गृहस्थाने,” कानसेन म्हणाले, “तो एका अक्षरात घालवला.” यांत्रिक आवाजाचं तर त्यांच्यापुढे नावही काढायचं नाही. अशा एका आवाजाने ‘छ. शिवाजी महाराज’ हे ‘छ शिवाजी महाराज’ असं वाचलं आणि ‘कै.’ या अक्षराला वाक्याची सुरुवात समजून पुढच्या शब्दाशी जोडून टाकलं. त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना हेडफोन काढून ठेवले होते. काकूंना वाटलं, तब्येत बिघडली.

एवढं असलं तरी कोणतं पुस्तक कानाला मानवतं आणि कोणतं नाही, याबाबतचं त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बखरी ऐकायला उत्तम, असं ते सांगतात, आणि कारणही देतात. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून थोरल्या महाराजांचं चरित्र लिहिलं, ते धन्यापुढे वाचून दाखवलं जाईल हे धरून. म्हणून वाक्यं आखूड, दम लागत नाही आणि क्रियापद हाकेच्या अंतरावर. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ तर त्यांच्या यादीत पहिला. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब ब्राह्मण दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला, 1857 च्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्यात आत अडकला. पुस्तक छापून आलं 1907 साली, पण सांगण्याची ढब मात्र ओटीवर बसून प्रवासाहून परतलेल्या माणसाने बोलावं तशी. लुटला गेला तेही सांगतो, काय जेवला तेही सांगतो. “इथे निवेदकाला काही करावंच लागत नाही,” कानसेन म्हणतात. “काही करायला गेला तर मात्र पुस्तक बिघडतं.” ‘स्मृतिचित्रे’लाही त्यांनी हाच निकष लावला आहे. लक्ष्मीबाई टिळक स्वतःच इतक्या बोलक्या, की त्यांच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये तिसऱ्या माणसाला जागाच नाही. ‘कोसला’बद्दल ते एकदा लिफ्टमध्ये म्हणाले, “त्याला कंटाळलेला आवाज हवा, कंटाळवाणा नको.” नेमाड्यांच्या कादंबरीवर 1963 पासून पुष्कळ लिहिलं गेलं आहे, दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत आटोपलेली ही एकच समीक्षा.

पुलंच्या बाबतीत मात्र त्यांचं दुःख वेगळं आहे. त्यांच्या पिढीने ‘म्हैस’, ‘अंतू बर्वा’ आणि ‘रावसाहेब’ आधी कॅसेटवर ऐकले. त्या कॅसेटी टेपरेकॉर्डरमध्ये अडकेपर्यंत ऐकल्या, अडकलेली फीत पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा ऐकल्या. आता छापलेलं पान उघडलं तरी अक्षरं लेखकाच्याच आवाजात बोलतात, स्वतःच्या आवाजात वाचताच येत नाही. म्हणून दुसऱ्या कोणी पुलं वाचले की कानसेन पहिल्या वाक्याला भुवई उंचावतात आणि दुसऱ्याला बंद करतात. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाने गावोगावच्या श्रोत्यांना अशीच सवय लावून ठेवली. मराठी निवेदकाचं दुर्दैव हे, की त्याच्याआधी लेखकच येऊन वाचून गेले आहेत.

ऑडिओबुक ही परदेशी टूम आहे, असं त्यांच्यासमोर कोणी म्हटलं तर तो संपला. “परदेशी? 1290 साली नेवाशाला काय चाललं होतं?” तिथे ज्ञानेश्वर सांगत होते, श्रोते ऐकत होते आणि सच्चिदानंदबाबा उतरवून घेत होते. आधी आवाज, मग पुस्तक. तेव्हा ज्ञानेश्वरीचं पुस्तक हे मूळ ऑडिओची छापील आवृत्ती आहे, असा त्यांचा दावा. महाभारतात संजय धृतराष्ट्राला युद्ध ऐकवतो, तोही दृष्टी नसलेल्याला. म्हणजे उपयोगसुद्धा ठरलेला. कीर्तन झालं, चातुर्मासातली पोथी झाली, 1955 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या हिशेबाने आलेलं गीतरामायण झालं. मराठी माणूस आधी कानाने शिकला, हे ते बोटं मोजून पटवतात. आणि या परंपरेतली धोक्याची सूचनाही तेच देतात. “अभिमन्यूचं काय झालं? आत शिरायचं प्रकरण ऐकलं आणि पुढच्या प्रकरणाला सुभद्रेला झोप लागली. झोपेत पुस्तक चालू ठेवण्याचे परिणाम एवढे वाईट असतात.”

हा धडा त्यांनी स्वतःला लावलेला नाही. दुपारी जेवल्यावर ते पेशवाई लावून आडवे होतात. डोळा लागतो तेव्हा गादीवर नानासाहेब असतात, जाग येते तेव्हा सवाई माधवराव. मधल्या काळात थोरले माधवराव थेऊरला निवर्तलेले असतात, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून होऊन गेलेला असतो आणि रामशास्त्र्यांनी राजीनामा दिलेला असतो. एवढा आरडाओरडा शेजारी होऊनही ज्याची झोप मोडत नाही, असा साक्षीदार इतिहासात दुसरा नसेल. मग ते चहा पीत पीत मागे मागे जातात आणि एकेका पेशव्याला जिवंत करत आणतात.

वेगाचाही त्यांचा हिशेब आहे. संतवाङ्मय जसंच्या तसं, कादंबरी सव्वापट, चरित्र दीडपट आणि समीक्षा दुप्पट. औरंगजेब 1681 मध्ये मराठ्यांचा बंदोबस्त करायला दक्षिणेकडे निघाला आणि 1707 साली इथेच संपला. बादशहाला जे काम पंचवीस वर्षांत जमलं नाही, ते कानसेनांनी दीडपट वेगाने चार दिवसांत उरकलं. फक्त या वेगात सगळ्यांच्याच तोंडी घाई येते. बाळाजी विश्वनाथ, शाहू महाराज, सय्यद बंधू हे सगळे गाडी चुकेल अशा आवाजात बोलू लागतात. डोंबिवलीकरांना त्यात काही वावगं वाटत नाही.

खरी झुंज जुंपते ती तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इतिहासशिक्षकांशी. सर कागदाचे. पुरावा म्हटला की त्यांना पत्र लागतं, पत्राला तारीख लागते आणि तारखेला शके लागतो. कानसेनांनी एकदा रमाबाई आणि माधवराव यांच्यातला एक हळवा संवाद ऐतिहासिक सत्य म्हणून सांगितला. संवाद रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तला. सरांनी चष्मा पुसला.

“साहेब, पतिपत्नी एकांतात बोलत होती. तिथे ऐकायला कोण होतं?”

“मी होतो,” कानसेन म्हणाले. “दोनदा.”

यावर सरांना काही सुचलं नाही, पण मुद्दा त्यांचाच खरा होता. कादंबरी आणि इतिहास छापलेले असतात तेव्हा त्यांचं रूप वेगळं दिसतं. इतिहासाला तळटीपा असतात, मागे सूची असते, डोळा आपोआप सावध होतो. आवाजात ती कुंपणं पडतात. धीरगंभीर आवाजात कानाशी सांगितलेलं सगळंच खरं वाटतं. तळटीप वाचली तर रसभंग, न वाचली तर पुरावा गायब. शिवाय नकाशा ऐकता येत नाही. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक समोर नकाशा न ठेवता कोणी नुसतं ऐकलं, तर यमुना कुठल्या बाजूला आणि अब्दाली कुठून आला, याचा उलगडा त्याला शेवटपर्यंत होणार नाही. वंशावळीचं तर विचारूच नका. दोन बाजीराव, दोन माधवराव, दोन संभाजी आणि थोरले वेगळे, कोल्हापूरचे वेगळे असे शिवाजी. कानात हे सगळे एकमेकांत मिसळतात आणि एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

कानसेनांनी याच्यावर जो उपाय केला, तो त्यांनी जाहीर केलेला नाही, पण सोसायटीत काही लपत नाही. आधी औषधांच्या बिलामागे वंशावळ काढायला लागले. मग भिंतीवर नकाशा आला. मग एके दिवशी कुरिअरवाला चुकून आमच्याकडे खोकं देऊन गेला. आत त्यांनी नुकतंच ऐकून संपवलेलं पुस्तक छापील स्वरूपात होतं. तेव्हापासून अशी खोकी येतच असतात. सर परवा त्यांच्या घरी जाऊन आले आणि म्हणाले, “नोकरीत होते तेव्हा यांच्या कपाटात पुस्तकं कमी आणि पितळी भांडी जास्त होती. आता उलट झालंय.”

त्यांचा एक उद्योग मात्र तिरकस शब्दांत सांगवत नाही. तळमजल्यावरच्या आजींची दृष्टी गेली. जन्मभर वाचनालयाची पुस्तकं आणणारी बाई, ती दिवसभर पंख्याचा आवाज ऐकत बसायची. ध्वनिमुद्रित पुस्तकं मुळात दृष्टिहीनांसाठीच निघाली. 1930 च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी तबकड्यांवर कादंबऱ्या भरल्या गेल्या. हे कानसेनांना माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. त्यांनी आजींना जुना फोन दिला, कुठलं बटण दाबायचं ते दिसत नसल्यामुळे त्यावर टिकलीचा ठिपका चिकटवला आणि ‘स्मृतिचित्रे’ लावून दिलं. आठवड्याने अभिप्राय घ्यायला गेले. चारही सूत्रं तयार होती.

“काय आजी, कसं वाटलं वाचन?”

“अरे, पोरगी गुणी आहे,” आजी म्हणाल्या. “मध्ये मध्ये करत नाही.”

निवेदनकलेवर मराठीत याहून नेमकं मत मी ऐकलेलं नाही, आणि कानसेनांनीही ते विनातक्रार मंजूर केलं.

आता एकूण निकाल. ‘ऐकणं म्हणजे काही वाचणं नव्हे’ असं ठणकावून सांगणाऱ्यांच्या घरी एकदा जाऊन यावं. मुंजीत आणि निरोपसमारंभात मिळालेल्या जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या दर्शनी कपाटात प्लास्टिकसकट उभ्या असतात, कणा न मोडलेल्या. कानसेनांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेली कादंबरीही अशीच उभी होती. त्यांनी ती शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकली, तिच्यावर भांडले, भांडण तडीला नेण्यासाठी तिची छापील पानंही चाळली. पुस्तकाशी एवढा संबंध ठेवणारा माणूस वाचक नसेल, तर मग वाचक कोणाला म्हणायचं, हे एकदा ठरवावं लागेल. त्यांची मतं बारा आणे गळ्याबद्दल असतील. आपल्यापैकी अनेकांची पुस्तकाबद्दलची मतं तर मुखपृष्ठापुढे जात नाहीत.

तेव्हा तुम्हीही ऐका. सुरुवात बखरीने किंवा गोडसे भटजींपासून करा, वेग एकपटच ठेवा, इतिहास ऐकताना नकाशा जवळ असू द्या, घरातल्या हाकेला एक कान मोकळा ठेवा आणि पुस्तक संपलं की निदान दोन दिवस कोणाला काही सांगू नका. डोंबिवलीत राहत असाल, तर त्यानंतरही फडके रोडवर सकाळी सहाच्या सुमारास अजिबात सांगू नका.